अर्ध्या सेकंदात चोवीस लाटा

"हात लावायचा नाही! कोणीही, कशालाही!" भिंगनं बजावलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा टायमर लावलेला होता. बटण दाबताना बोटाचा धक्का बसला तरी फोटो हलतो. म्हणून बटण दाबायचं, हात मागे घ्यायचा आणि खांबासारखं उभं राहायचं. पुढचा लाल दिवा लुकलुकायला लागला. एक... दोन...

आणि नेमकी तेव्हाच टिकलीला शिंक आली!

टिकली आठ वर्षांची होती, पण तिची शिंक चांगली मोठ्या माणसाची होती. तिचं कोपर ट्रायपॉडच्या दांड्याला लागलं आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकला. खटक!

"संपलं!" रेडिओ ओरडला. "श्रोतेहो, सातवा फोटोही वाया गेलेला आहे! याचं श्रेय जातं ते एका नाकाला!"

"मी काय मुद्दाम शिंकले?" टिकलीनं गाल फुगवले.

रेडिओ शेजारच्या घरात राहायचा आणि भिंगच्याच वर्गात, सातवीत होता. सकाळी डोळे उघडले की त्याचं तोंड सुरू व्हायचं ते रात्री झोपल्यावरच बंद व्हायचं, म्हणून तो रेडिओ. टिकली ही भिंगची धाकटी बहीण. आणि भिंगला भिंग का म्हणत, हे तिचा चष्मा पाहिला की कळायचंच. शिवाय कुठलीही वस्तू हातात आली की ती नाकाशी नेऊन पाहायची तिला सवय होती.

सुट्टी लागल्यापासून तिच्या डोक्यात एकच विषय होता. येत्या शनिवारी चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवेल तोच खाल्लेल्या पोळीसारखा, आणि पावणेआठच्या सुमारास अख्खाच्या अख्खा सावलीत जाईल. मामानं आपला जुना कॅमेरा आणि लांब लेन्स तिला सुट्टीपुरती दिली होती. सोबत एक ताकीदही दिली होती : "पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो कोणीही काढेल. पण सावलीत गेलेला चंद्र हजारो पटींनी मंद होतो. पुरेसा उजेड आत यायला कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, एकेक सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात कॅमेरा केसभर जरी हलला, तरी चंद्राची इडली झालीच म्हणून समज!"

म्हणून हा सराव चालला होता. मंगळवारची संध्याकाळ होती. पश्चिमेला शुक्र लखलखत होता. पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवून शुक्राचा फोटो काढायचा. ठिपका ठिपकाच राहिला, तर सराव जमला.

भिंगनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. ठिपका नव्हताच. कॅमेरा सरकल्यामुळे शुक्राची एक लांब पांढरी रेघ उमटली होती. पण...

"अरे, ही रेघ सरळ का नाही?"

रेघ करवतीच्या दातांसारखी होती. खाली-वर, खाली-वर, अगदी एकसारख्या बारीक लाटा.

"टिकलीची शिंक लाटालाटांची होती," रेडिओ म्हणाला.

"गप रे! शिंकेनं एकदाच धक्का बसेल. हे तर..."

"काय चाललंय इथे?" जिन्याच्या दारातून आवाज आला. इमारतीचे सेक्रेटरीकाका वर आले होते. ते सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर राहत. हल्ली रोज संध्याकाळी ते एकदा तरी गच्चीवर यायचे आणि पलीकडच्या टोकाच्या खोलीकडे रागानं पाहून परत जायचे. त्या खोलीत शिलाईमावशींचं मशीन चालायचं. आत्ताही चाललं होतं. खर्रर्र... खर्रर्र...

"ऐकलंत? दिवसभर आमच्या डोक्यावर ही घरघर! छताला भेग पडली माझ्या. कपाटातले कप वाजतात!" बोलता बोलता त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली. "हे काय गं?"

"शुक्र आहे, काका. पण त्याला लाटा आल्यात. इथे काहीतरी हलतंय."

"हलतंय?" काका एकदम वाकले. "कॅमेरा हलतोय? म्हणजे गच्ची हलतेय! वा! शाब्बास पोरी! पाठव हा फोटो मला. आत्ताच्या आत्ता!"

आपला फोटो एवढ्या लक्षपूर्वक कोणी पाहिलाय, याचा भिंगला आनंदच झाला. तिनं तो लगेच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ दूध आणायला खाली गेला आणि तसाच धापा टाकत परत आला. "भिंग! खाली चल! तुझा फोटो लागलाय!"

सूचनाफलकावर खरोखरच शुक्राची रेघ होती. चांगली कागदभर छापलेली. तिच्याखाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

'गच्चीवरील खोलीतल्या शिलाई मशीनमुळे इमारतीस हादरे बसतात, हे सोबतच्या छायाचित्रावरून सिद्ध होते. सबब सदर खोली रिकामी करून घेण्याबाबत शनिवारी सायंकाळी पाच वाजता बैठक होईल. छायाचित्र सौजन्य : सदनिका क्रमांक सहा.'

सदनिका क्रमांक सहा म्हणजे भिंगचं घर.

भिंगचे कान तापले. "मी असं कुठे म्हटलं होतं? मी म्हटलं, काहीतरी हलतंय. मशीननं हलतंय असं मी म्हटलंच नव्हतं!"

"पण मशीन चालू तर होतं," टिकली हळूच म्हणाली.

तिघंही न बोलता जिने चढून गच्चीवर गेली. रेडिओसुद्धा न बोलता चढला, यावरून काय ते समजावं.

मावशी निळ्या कापडाच्या ढिगामागे बसल्या होत्या. शाळा उघडण्याआधी दोनशे गणवेश शिवून द्यायचं मोठं काम त्यांना मिळालं होतं. घर पलीकडच्या गल्लीत, एवढंसं. तिथे झोपायचं अंथरूण घातलं की चालायला जागा उरत नाही. मशीन आणि कापायचं टेबल कुठे ठेवणार? आठ वर्षं त्या या खोलीत काम करत होत्या.

"मावशी, फलकावरचा फोटो..." भिंगनं सुरुवात केली.

"पाहिला मी." मावशींनी सुईत दोरा ओवला. "छान आलाय गं. मला आधी वाटलं, कोणी तरी चांदीच्या दोऱ्यानं नागमोडी टीप घातलीय."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तू तारा पाहत होतीस." त्या थांबल्या. मग दोऱ्याची बॉबिन हातात फिरवत म्हणाल्या, "फक्त एवढंच की, खोली गेली तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. आणि एकदा गेलेलं शाळेचं काम परत येत नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगला वाटलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि चष्मा पुसत राहिली.

"आता काय?" रेडिओनं विचारलं.

"आता तो फोटो नीट बघायचा," भिंग म्हणाली. "काकांनी तो एकदाच बघितलाय. आणि खरं सांगू? मीसुद्धा!"

घरी कॉम्प्युटरवर तिनं फोटो मोठा केला. अर्ध्या सेकंदात किती वेळा खाली-वर झालं, ते या रेघेतच लिहिलेलं होतं. लाटा मोजायच्या, बस!

"तेवीस!" रेडिओ म्हणाला.

"एकशे बारा!" टिकली म्हणाली.

"एकशे बारा? तू काय मोजतेयस?"

"मध्येच विसरते ना, मग पुन्हा पहिल्यापासून. पण आकडे पुढचेच घेते."

शेवटी भिंगनं पडद्यावर पातळ कागद चिकटवला आणि प्रत्येक लाटेच्या टोकावर पेन्सिलीनं टिंब काढलं. तिघांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चोवीस.

"अर्ध्या सेकंदात चोवीस. म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस हादरे," भिंग म्हणाली. "आता मावशींचं मशीन सेकंदाला किती टाके घालतं, ते पाहायचं."

"ते कसं मोजणार? सुई दिसते तरी का?"

"सुई कशाला? टाके कापडावर राहतात की!"

मावशींना गंमत वाटली. त्यांनी एक लांब चिंधी घेतली. रेडिओनं घड्याळ धरलं. "तीन, दोन, एक, पळा!" मावशींनी पेडल पूर्ण दाबलं आणि दहा सेकंदांनी उचललं. टिकलीला या वेळी टाचणी दिली होती. दर दहा टाक्यांना एक टाचणी टोचायची, म्हणजे विसरायची भीती नाही. बारा टाचण्या लागल्या.

"एकशेवीस! दहा सेकंदांत एकशेवीस टाके, म्हणजे सेकंदाला बारा!" रेडिओनं उडीच मारली. "अर्ध्या सेकंदात फक्त सहा! मावशी, तुम्ही सुटलात!"

"आणि टाके एकसारखे पडलेत, ते पाहिलंत का?" मावशींनी चिंधी उजेडात धरली.

भिंग मात्र हसली नाही. "सुई बारा वेळा जाते. पण मशीनच्या पोटात मोटर आहे, ती किती वेगानं फिरते हे टाके सांगत नाहीत. काकांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"काका एवढा विचार करणार आहेत का?"

"मी केलाय ना. काल मी घाई केली, आज नाही करणार."

त्या संध्याकाळी पुन्हा ट्रायपॉड उभा राहिला. या वेळी भिंगनं मुद्दामच दांडा धरला आणि पडदा उघडा असताना कॅमेरा हळूच एका बाजूला फिरवला. मशीन पूर्ण वेगात चालू असताना एक फोटो काढला. रेघ सरळ, फूटपट्टीनं आखल्यासारखी! मशीन बंद ठेवून दुसरा. तोही सरळ.

"चंद्र नको, शुक्र नको, आता जेवायला चला," मावशी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एकच, शेवटचा," भिंग म्हणाली. खटक!

या रेघेला लाटा होत्या.

भिंग आणि रेडिओनं एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मावशींकडे पाहिलं. मावशी इथे होत्या. मशीन तिकडे अंधारात गप्प होतं.

"भू... भूत!" रेडिओ कुजबुजला.

"सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा थरथरणारं?" भिंगनं चपला काढल्या. "चपला काढा सगळे. तळपायाला काही कळतंय का बघा."

तळपायाला मुंग्या आल्यासारखं होत होतं! भिंग एकेक पाऊल टाकत पुढे निघाली. खोलीकडे गेलं की मुंग्या कमी होत, पाण्याच्या टाकीकडे गेलं की वाढत. टाकीच्या खाली तर दातही हुळहुळायला लागले. तिथे, टाकीच्या चार खांबांच्या मध्ये, एक हिरवा पंप घुमत होता. वरच्या दोन मजल्यांवर पाणी जोरात यावं म्हणून बसवलेला. कोणी नळ उघडला की तो आपोआप सुरू व्हायचा.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो गप्प झाला. मुंग्या थांबल्या.

थोड्याच वेळात जिन्यातून टिकलीचा आवाज आला. ती कधी खाली गेली, ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. "पाय चिकट झाले होते, धुऊन आले!" मग ती खाली वाकून ओरडली, "नळ बंद केलाय हं मी, आई!"

"टिकली," रेडिओ म्हणाला, "तू भूत आहेस."

भिंग पंपापाशी गुडघे टेकून बसली होती. पंपाच्या अंगावर पत्र्याची एक पाटी होती, धुळीनं भरलेली. तिनं ती रुमालानं पुसली आणि चष्मा पाटीला टेकवला.

"एका मिनिटात फेरे : दोन हजार आठशे ऐंशी. रेडिओ, साठनं भाग!"

"साठ चोक दोनशे चाळीस... अठ्ठेचाळीस! सेकंदाला अठ्ठेचाळीस! अर्ध्या सेकंदात... भिंग! चोवीस! चोवीस!" रेडिओनं मावशींचे दोन्ही हात धरून त्यांना गरगर फिरवलं.

"पण हा पंप तर दोन वर्षांपासून इथे आहे," मावशी धाप लागून म्हणाल्या. "घरघर गेल्या महिन्यापासूनची. मी रात्रंदिवस शिवायला लागले तेव्हापासून, असं सेक्रेटरीसाहेब म्हणतात."

"गेल्या महिन्यात पंप दुरुस्तीला नेला होता ना?" भिंगनं टॉर्च खाली धरला. पंपाचे चारही पाय थेट गच्चीच्या काँक्रीटवर आवळलेले होते. आणि प्रत्येक पायाभोवती एक गोल होता, वाटीच्या बुडाएवढा, आजूबाजूच्या जागेपेक्षा स्वच्छ. "इथे पायांखाली काहीतरी गोल होतं. आता नाहीये."

गुरुवारी तिघं काकांच्या दारात उभी राहिली. काकांनी टाक्यांची चिंधी पाहिली नाही, टिंबांचा कागद पाहिला नाही.

"पंप? पंप माझ्या देखरेखीखाली दुरुस्त झालाय! स्वतः सही केलीय मी कामावर."

"काका, हे फोटो तरी बघा. मशीन चालू आणि रेघ सरळ..."

"फोटोत हल्ली काहीही करता येतं!" काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

"म्हणजे मंगळवारचा फोटो पुरावा, आणि बुधवारचा फोटो बनवाबनवी!" रेडिओ चिडून जिन्याला लाथ मारायला गेला आणि अंगठा धरून बसला.

भिंग विचार करत होती. "काकांना वाटतं, घरघर आली की मशीन चालू असतं. त्यांनी ते कधी वर येऊन तपासलेलं नाही. मग आपण त्यांनाच ओळखायला सांगू या. मशीन कधी चालू, कधी बंद, त्यांच्याच हॉलमध्ये बसून सांगायचं. वर काय चाललंय, हे त्यांना दिसणार नाही."

"ते कशाला कबूल होतील?"

"आपण विचारलं तर नाही होणार. पण हेडबाईंनी सांगितलं तर?"

हेडबाई पहिल्या मजल्यावर राहत. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि आता त्या इमारतीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी मुलांचं सगळं म्हणणं चष्म्यावरून पाहत ऐकून घेतलं. टाचण्या टोचलेली चिंधी दोनदा मोजली. मग म्हणाल्या, "परवानगी आहे. तुमचा सेक्रेटरी चौथीत माझ्या वर्गात होता. तेव्हाही उत्तर आधी लिहायचा आणि गणित मागाहून वाचायचा."

शनिवारी पाच वाजता काकांचा हॉल भरला होता. छताला खरंच लांब भेग होती. टेबलावर भिंगनं एक ताट ठेवलं आणि त्यात काठोकाठ पाणी ओतलं. त्याआधी रेडिओनं वरच्या दोन मजल्यांच्या चारही घरी जाऊन सांगितलं होतं : "सव्वापाच ते साडेपाच कोणी नळ उघडायचा नाही! विज्ञानाचा प्रश्न आहे!"

"हे पोरखेळ कशाला?" काका कुरकुरले.

"तू म्हणतोस तुला घरघर ओळखता येते," हेडबाई म्हणाल्या. "मग ओळख. तीन वेळा विचारीन. मशीन चालू की बंद, एवढंच सांगायचं."

"त्यात काय! झोपेतही सांगेन." काकांनी बाह्या सारल्या.

हेडबाईंनी घड्याळ पाहिलं. "पाच वीस. सांग."

वर गच्चीवर मावशींनी पेडल पूर्ण दाबलं होतं आणि मशीन जीव खाऊन पळत होतं. हॉलमध्ये ताटातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं.

"बंद," काका म्हणाले. "अगदी बंद. किती शांत वाटतंय बघा!"

हेडबाईंनी वहीत लिहून घेतलं. "पाच बावीस. सांग."

वर मशीन आता बंद होतं, आणि खाली तिसऱ्या मजल्यावर टिकलीनं स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला. छतातून घुमल्यासारखा आवाज आला. ताटातल्या पाण्यावर बारीक वर्तुळंच वर्तुळं उठली. कपाटातला एक कप किणकिणला.

"चालू!" काका खुर्चीतून उठलेच. "हीच ती घरघर! बघा, बघा पाणी! आता तरी पटलं?"

लोकांत कुजबुज झाली. काकांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी मान डोलावली. भिंगनं हात पाठीमागे धरले होते.

"पाच चोवीस. सांग."

"अजून चालूच आहे! मघापेक्षा जोरात!"

"नक्की?"

"शंभर टक्के! बाई वर मशीनवर बसल्या आहेत आणि पेडल दाबून..."

"साहेब," दारातून आवाज आला, "पेडल माझ्याकडे आहे."

शिलाईमावशी दारात उभ्या होत्या. हातात मशीनचं पेडल होतं, वायर गुंडाळलेली. त्यांच्या मागे रेडिओ उभा होता, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं तोंड बंद होतं.

छतातली घरघर चालूच होती. ताटातलं पाणी थरथरत होतं.

मग भिंगनं गॅलरीतून खाली हाक मारली, "टिकलीऽऽ! नळ बंद कर!" आणि घरघर थांबली. पाणी स्थिर झालं.

"पहिल्या खेपेला मशीन पूर्ण वेगात चालू होतं. तेव्हा तू म्हणालास बंद, किती शांत वाटतंय," हेडबाई वहीतून वाचू लागल्या. "दुसऱ्या खेपेला..."

"बाई, पुरे," काका हळूच म्हणाले.

भिंगनं लाटा, टाके आणि पंपावरची पाटी, सगळं सांगितलं. आता काका ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "पंपाच्या पायांखाली काहीतरी गोल असायचं, काका. ते निघालंय, म्हणून पंपाचा थरकाप थेट स्लॅबमध्ये उतरतो."

"गोल?" काकूंनी मान वर केली. "काळं, रबराचं, वाटीच्या बुडाएवढं? चार?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

काकू काकांकडे वळल्या. "अहो! आपलं वॉशिंग मशीन कपडे पिळताना न्हाणीघरभर चालत जायचं. मग तुम्ही त्याच्याखाली चार रबरी चकत्या बसवल्यात. कुठून आणल्या होत्या त्या?"

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "पंपवाल्याच्या पिशवीशेजारी पडल्या होत्या. मला वाटलं, जुन्या आहेत, उरल्यात. तो परत बसवायला आला तेव्हा मिळेनात, म्हणून त्यानं तसाच पंप आवळला. मला म्हणाला, चकत्या नंतर आणून टाका. मी हो म्हटलं आणि... विसरलो."

"आणि सही केलीस," हेडबाई म्हणाल्या.

हॉलमध्ये एवढा हशा पिकला की ताटातलं पाणी पुन्हा हललं. काका मात्र हसले नाहीत. ते उठून मावशींसमोर गेले. "बाई, चूक माझी. तुम्ही कितीदा म्हणालात, एकदा वर येऊन बघा. मी आलो, पण दारातूनच परत गेलो. खोली तुमचीच राहील. माफ करा मला."

मावशींनी पेडल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण आधी त्यांनी पदरानं डोळे टिपले. "छताची भेग आधी बुजवून घ्या, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

मग एकच धावपळ उडाली, कारण चंद्र काही बैठकीसाठी थांबणार नव्हता! काकांनी स्वतः वॉशिंग मशीन तिरकं करून चकत्या काढल्या. गच्चीवर गुडघे टेकून, पाना घेऊन त्यांनी पंपाचे नट सैल केले. रेडिओ टॉर्च धरून होता आणि सगळं काही लोकांना ऐकवत होता : "श्रोतेहो, तिसरी चकती आत गेलेली आहे! सेक्रेटरीकाकांच्या शर्टाला ग्रीस लागलेलं आहे!"

चंद्र उगवला तो कोपरा खाल्लेलाच. सगळी इमारत कठड्याशी गोळा झाली. अंधार गडद झाला तशी सावली सरकत गेली. उजेड कमी होईल तसतसा भिंग पडदा अधिकाधिक वेळ उघडा ठेवत गेली. आधी सेकंदाचा दोनशेवा भाग, मग तिसावा, मग पाव सेकंद. पावणेआठ वाजता उजेडाची शेवटची कड विझली, आणि आकाशात विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, तांबूस, गोल चंद्र लोंबकळत राहिला.

"अगंबाई!" कोणीतरी म्हणालं.

"आता पूर्ण सेकंद," भिंग पुटपुटली. तिनं मागे पाहिलं. मावशी खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. आत मशीन बंद होतं.

"मावशी, तुमचं काम थांबलंय?"

"तुझा फोटो होऊ दे गं. उगाच माझ्यामुळे हलायला नको. टाके काय, नंतरही पडतील."

भिंग कॅमेऱ्यापासून दूर झाली. "नाही. तुम्ही शिवा. तुमच्या मशीननं काही हलत नाही. आणि तुम्ही मशीन चालू केल्याशिवाय मी बटण दाबणारच नाही!"

"अगं, पण चंद्र..."

"पन्नास मिनिटं आहे तो तसाच. पण जरा लवकर!"

मावशींनी एकदा हेडबाईंकडे पाहिलं, एकदा काकांकडे. काकांनी मान हलवली. मावशी आत गेल्या. खर्रर्रर्र! मशीन पळायला लागलं.

भिंगनं बटण दाबलं, हात मागे घेतला. टिकलीनं दोन्ही हातांनी नाक गच्च धरलं. एक... दोन... आणि पडदा उघडला. एक पूर्ण सेकंद. खटक!

भिंगनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. डोळे स्क्रीनला टेकवले आणि एकेक कोपरा तपासू लागली.

"अगं, काय झालं? इडली?" रेडिओला दम निघेना.

तिनं कॅमेरा त्याच्याकडे वळवला. तांबूस चंद्र, त्यावरचे काळसर डाग, आणि भोवती इवलेसे दोन तारे. ठिपक्यांसारखे ठिपके.

कॅमेरा हातोहात फिरला. हेडबाईंनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला. "फोटो उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण मला जास्त आवडलं ते बुधवारचं. टाके मोजून तुझ्या मनासारखं उत्तर आलं होतं, तरी तू तिथे थांबली नाहीस. मोठ्या माणसांनाही ते जमत नाही. आणि टाचण्यांची कल्पना कोणाची?"

"टाचण्या मी टोचल्या!" टिकली नाक न सोडताच म्हणाली.

"मी भागाकार केला!" रेडिओ म्हणाला.

"मी सही केली," काका म्हणाले, आणि या वेळी ते सगळ्यांच्या आधी हसले.

मावशी मशीन थांबवून बाहेर आल्या. त्यांच्या बाहीला निळा दोरा चिकटला होता. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि चंद्राची कड नखानं हवेतल्या हवेत चाचपून पाहिली.

"कड किती साफ आलीय गं! दुमडून शिवल्यासारखी. एक दोरा म्हणून निसटलेला नाही."

भिंगनं कॅमेरा परत ट्रायपॉडवर बसवला, पुन्हा टायमर लावला आणि मागे वळून पाहिलं.

"मावशी, थांबू नका हं! अजून दोन फोटो घ्यायचेत!"